गाणारीच्या डाव्या हाताला

१

कुठला स्टिरिओ चांगला, हे लोक हल्ली कोणालाही विचारतात. शेजाऱ्याला विचारतात, मेहुण्याला विचारतात, मोबाइलला विचारतात. विचारून विचारून डोक्याचा पार भुगा झाला की मग ते गॅरेजांच्या गल्लीतल्या शेवटच्या दुकानात यायचे. त्या दुकानदाराला गल्लीत सगळे कानसेन म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने, आणि पुढे तर पाटीवर खरं नाव असूनही ते कोणी वाचेनासं झालं.

कानसेनची पद्धत ठरलेली होती. एका भिंतीवर प्लायवूडची मोठी फळी ठोकून तीत त्याने गाडीचे स्टिरिओ ओळीने बसवले होते. एका टोकाला साधासुधा, बटणं निखळत आलेला, आणि चढत चढत दुसऱ्या टोकाला मोठ्या पडद्याचा, नाना करामती करणारा. फळीखाली एक फिरवायचं बटण. ते फिरवलं की गाणं तेच राहायचं, स्पीकर तेच राहायचे, बदलायचा तो फक्त स्टिरिओ. गिऱ्हाइकाला फळीकडे पाठ करून, गाडीतूनच काढलेल्या एका सीटवर बसवायचं आणि डोळे मिटायला लावायचे. डोळे उघडे असले की माणूस दिव्यांची रोषणाई ऐकतो, गाणं ऐकत नाही, असं त्याचं म्हणणं. गाणंही कायम एकच. एक बाई, एक गिटार, बाकी काही नाही.

"गाणारी कुठे उभी आहे ते बोटाने दाखवा," तो सांगायचा.

लोक आधी हसायचे, मग हात वर करायचे. साध्या स्टिरिओवर बोट हवेत नुसतं भिरभिरायचं, कारण गाणारी खोलीभर सांडलेली असायची. चांगल्या स्टिरिओवर बोट बरोबर समोर, मधोमध येऊन थांबायचं. तिथे निकाल लागायचा. वाद नाही, हुज्जत नाही.

बोटाची ही युक्ती मुळात त्याच्या मुलीची. कॉलेज संपवून ती बापाच्याच धंद्यात शिरली होती. चांगली बावीस-तेवीस वर्षांची, पण घरात अजून ठकीच. कान बापापेक्षा तिखट. नवा स्टिरिओ आला की ती आधी तो दुकानाच्या गाडीत बसवायची आणि एक फेरी मारून यायची, म्हणजे धावत्या गाडीत, इंजिनाच्या आवाजात त्याची किती डाळ शिजते ते कळायचं. ऐकताना गुणगुणायची, आणि गुणगुणणं नेहमी गाण्याच्या अर्धी मात्रा मागे.

"अगं, निदान बाईच्या बरोबर तरी गा," कानसेन वैतागायचा.

"बरोबर गायले तर ती मला ऐकू कशी येईल?" ती म्हणायची.

अशीच एका दुपारी ती फेरीला गेली. गाडी सापडली. ती सापडली नाही.

२

गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली होती. चारी दारं आतून बंद, किल्ली आत, आणि तेच गाणं चालू. पोलिसांनी काच फोडून दार उघडलं, आजूबाजूची शेतं, नाले, विहिरी सगळं पालथं घातलं. तिच्या मैत्रिणींना विचारलं. शेवटी अधिकाऱ्याने कानसेनला खुर्ची देऊन, चहा देऊन, खूप सौम्य आवाजात विचारलं की मुलीचं घरात कोणाशी काही बिनसलं होतं का. तो चहा कानसेनला गेला नाही.

गाडी परत मिळाली. त्याने नवी काच बसवली, दुकानामागच्या अंगणात ती उभी केली आणि वर ताडपत्री टाकली. घरी तो आणि ठकीची आई एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते, कारण दिली की दोघांनाही एकच प्रश्न दिसायचा. म्हणून त्याने दुकान पुन्हा उघडलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पलीकडच्या रस्त्यावरचे दातांचे डॉक्टर. नव्यानेच राहायला आलेले, झाल्या प्रकाराचा त्यांना पत्ताही नव्हता. कानसेनने त्यांना सीटवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि बटण फिरवायला सुरुवात केली. पहिल्या स्टिरिओवर डॉक्टरांचं बोट भिरभिरलं. दुसऱ्यावर जरा स्थिरावलं. मधल्या, निळ्या दिव्याच्या स्टिरिओवर त्यांनी बोट समोर धरलं, मग दुसरा हातही वर केला.

"ही गाणारी," ते म्हणाले. "आणि ही दुसरी. तिच्या डाव्या हाताला, जरा मागे. बसलेली आहे बहुतेक."

"दुसरी कोण?"

"गुणगुणतेय ती. मागे पडतेय बिचारी, ताल काही जमत नाही तिला." डॉक्टर डोळे मिटूनच हसले. "का हो, हे परीक्षेसाठी मुद्दाम ठेवलंय का?"

कानसेनने गाणं बंद केलं. बरं वाटत नाही, उद्या या, असं काहीतरी तो बोलला. डॉक्टर गेल्यावर त्याने शटर अर्ध्यावर ओढलं आणि स्वतः त्या सीटवर जाऊन बसला. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, पलीकडे कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. त्याने डोळे मिटले.

गाणारी समोर होती. तिच्या डाव्या हाताला, जरा मागे, त्याची मुलगी होती.

३

माणूस धंद्यात मुरला की रडण्याआधी वायर तपासतो. कानसेननेही तेच केलं. स्टिरिओत भलते आवाज शिरतात, याची त्याला शंभर कारणं पाठ होती. अर्थिंग सुटलेलं असतं. शेजारच्या वेल्डिंगचा आवाज वायरीतून चढतो. खिशातला मोबाइल जवळ आला की स्पीकर टकटक करतो. त्याने वायरी बदलल्या, मोबाइल गल्लीच्या तोंडाशी पानवाल्याकडे ठेवून आला, मेन स्विच काढून सगळी फळी गाडीच्या बॅटरीवर चालवून पाहिली.

गुणगुणणं गेलं नाही.

मग त्याने गाणं बदललं. दुसऱ्या गाण्यात काही नव्हतं. त्याच बाईच्या तिसऱ्या गाण्यातही नव्हतं. ते फक्त याच गाण्यात होतं, जे गाडी सापडली तेव्हा वाजत होतं. आणि दर खेपेला सारखंही नसायचं. रेकॉर्डिंग म्हटलं की खोकला यायचा तिथेच येणार, श्वास लागायचा तिथेच लागणार. ही मात्र एकदा दुसऱ्या कडव्यात थांबली, एकदा चौथ्यात. एकदा ती दमल्यासारखी वाटली. एकदा अख्खं गाणं काहीच आलं नाही आणि शेवटच्या ओळीला अगदी बारीक, घाबरून गायल्यासारखं आलं.

आपल्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असं त्याने स्वतःला अनेकदा समजावून पाहिलं. परिणाम झालेला असता तर बरं झालं असतं, इतपत त्याची तयारी होती. पण डॉक्टरांनी दाखवलेलं दुसरं बोट काही केल्या त्या हिशोबात बसत नव्हतं.

एक गोष्ट मात्र सरळ होती. साध्या स्टिरिओवर ती अजिबात ऐकू येत नव्हती. निळ्या दिव्याच्या स्टिरिओवर पुसट यायची. त्याच्या पुढच्यावर तिचा श्वास ऐकू यायचा. म्हणजे ती होती, आणि जितका स्टिरिओ चांगला तितकी ती जास्त होती. हे कळलं त्या क्षणापासून कानसेनला दुसरं काही सुचेना.

४

त्याने ठकीच्या आईला दुकानात आणलं. सांगितलं काहीच नाही. सीटवर बसवलं आणि म्हणाला, "डोळे मीट."

गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा तिने पदराचा बोळा करून तोंडात धरला. ती रडली नाही. गाणं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "कुठे आहे ती?"

"माहीत नाही गं. अजून नीट येत नाही. नीट आलं तर कळेल."

"मग नीट आणा."

त्या दिवसापासून दोघांनी जिवाचा आटापिटा चालवला. तो घाऊक बाजारातून स्टिरिओ आणायचा, फळीवर चढवायचा, आणि दोघं एकामागून एक ऐकायची. ह्याचा आवाज गोड पण गढूळ. ह्यात श्वास कळतो पण शब्द नाही. त्यात आवाजाच्या बारीक-जाड पट्ट्या वेगवेगळ्या वरखाली करता येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, नवरा-बायकोने गाडी घेतली आहे आणि आता चोखंदळपणा चालला आहे.

शब्द येत नव्हते. ती गुणगुणत होती, पण का, कोणासाठी, काही कळत नव्हतं.

मग ठकीची आईच म्हणाली, "आपण ऐकतोय. तिला आपलं ऐकू येत असेल का?"

हल्लीच्या प्रत्येक स्टिरिओला माइक असतो, गाडी चालवताना फोनवर बोलता यावं म्हणून. कानसेनच्या फळीवरही एक चिमटा लावलेला माइक होता. फोन जोडलेला नव्हता. माइकमध्ये बोलून गाण्यात काही जाणार नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. तरी त्याने माइक हातात घेतला.

"ठके," तो म्हणाला. "मी बाबा."

गुणगुणणं थांबलं.

गाणारी गातच राहिली. गिटार वाजतच राहिली. पण डाव्या हाताला जी जागा होती ती श्वास रोखून गप्प झाली. ठकीच्या आईने त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं की पुढे दोन दिवस तिथे वळ होता. आणि त्या गप्पपणात, गाणारीच्या पार दुसऱ्या टोकाला, खूप लांब, खालच्या सुरात एक घरघर सुरू झाली.

"ट्रक आहे," कानसेन म्हणाला. "गल्लीच्या तोंडाशी."

त्याने बाहेर जाऊन पाहिलं. ट्रक नव्हता.

५

पुढे ते रोज बोलू लागले. तो बोलायचा, ठकीची आई बोलायची. "ठके, घरी ये." "ठके, काही दिसतंय का आजूबाजूला? खूण सांग काहीतरी." "ठके, रागावलोय का आम्ही कधी तुझ्यावर?" बोललं की गुणगुणणं थांबायचं, आणि घरघर सुरू व्हायची. आधी लांबून, मग तितकी लांबून नाही. कानसेनला ती घरघर नकोशी झाली होती, कारण तिच्याखाली मुलीचा श्वास बुडत होता.

त्यावरचा उपाय तर त्याच्या हातचा मळ होता. गिऱ्हाईक म्हणालं की आवाज घुमतो, तर खालच्या पट्ट्या उतरवायच्या. त्याने जाड आवाजाच्या सगळ्या पट्ट्या शून्यावर आणून ठेवल्या. घरघर नाहीशी झाली. ठकीचा श्वास स्वच्छ आला, इतका की ती नाकाने घेतेय की तोंडाने ते कळावं.

"गेली का ती घरघर?" ठकीच्या आईने विचारलं.

"गेली कुठे? आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच."

हे तो सहज बोलला. रोज गिऱ्हाइकांना सांगतो तसं.

ठकी आता सरकत होती. आधी ती गाणारीच्या मागे असायची, आता बरोबरीने आली. मध्येच ती डावीकडे आणखी लांब जायची, आणि त्यांनी हाका मारल्या की थबकायची. तिला नेमकं जवळ आणायचं तर फळी पुरणार नव्हती. सगळ्यात वरच्या स्टिरिओत एक सोय होती. गाडीत ड्रायव्हर मधोमध बसत नाही, एक स्पीकर त्याला जवळ पडतो, दुसरा लांब. तो स्टिरिओ जवळच्या स्पीकरचा आवाज कणभर रोखून धरतो, म्हणजे दोन्हीकडचा आवाज कानावर एकदम येतो आणि गाणारी बरोबर समोर उभी राहते. प्रत्येक स्पीकर कानापासून किती लांब, ते मोजून भरायचं असतं. धंद्यातला कोणीही ते माप गाणारीसाठी लावतो. कानसेनला गाणारीशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. ठकीला समोर आणायचं होतं, आणि त्यासाठी खरी गाडी हवी होती.

"मागची गाडी काढू," तो म्हणाला.

ठकीची आई आधीच उठली होती.

६

ताडपत्री काढली तेव्हा भर दुपार होती. गाडीत शिळ्या उन्हाचा वास भरला होता. ड्रायव्हरची सीट ठकीच्या उंचीला पुढे ओढलेली तशीच होती. कानसेनने ती मागे सरकवली. स्टिरिओ बसवायला त्याला कधी नव्हे इतका वेळ लागला. मग तो पुढे बसला, ठकीची आई शेजारी. काचा वर केल्या. अंगणात पलीकडच्या भिंतीवर एक मांजर झोपलं होतं.

गाणं सुरू झालं. त्याने माप बदलायला सुरुवात केली. एकेक आकडा कमी केला की गाणारी बाजूला सरकायची आणि ठकी मध्याकडे यायची. श्वास काचेजवळ होता, मग स्टिअरिंगच्या पलीकडे आला, मग डॅशबोर्डच्या वर, हात लांब केला तर लागेल इतक्यावर. ठकीच्या आईने खरंच हात लांब केला.

"ठके," कानसेन म्हणाला, "बोल गं. एवढं केलं, आता बोल."

बराच वेळ नुसता श्वास आला. मग ती बोलली. लहानपणी लपाछपी खेळताना कपाटातून बोलायची तसं, ओठ न हलवता बोलल्यासारखं.

"बाबा, बोलू नका. तुम्ही बोललात की ते इकडे वळतं."



"मी गुणगुणते ते मला एकटेपण सहन होत नाही म्हणून," ती म्हणाली. "तेवढ्यावर ते येत नव्हतं. मोठ्या आवाजावर येतं. तुम्ही रोज हाका मारता. कालपासून ते माझ्या मागे आहे. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

त्याला ऐकू येत नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने ते पुसून टाकलं होतं. त्याने पडद्यावर बोट ठेवून खालच्या पट्ट्या वर ढकलल्या, आणि गाडीची दारं, डॅशबोर्ड, सीटखालचा पत्रा सगळं एकदम थरथरायला लागलं. घरघर लांब नव्हती. दुसऱ्या टोकाला नव्हती. ती ठकीच्या आवाजाच्या बरोबर मागे होती, आणि ती इंजिनाची नव्हती, कारण मध्ये मध्ये ती गिळत होती.

त्याने बंद करायच्या बटणाकडे हात नेला. ठकीच्या आईने तो धरला.

"नाही," ती ओठांनीच म्हणाली. डोळे विस्फारलेले. "नाही. ती आहे आत्ता. आहे ना. बंद नाही करायचं."

त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. तिने नखं रुतवली, तो तरी सोडवत राहिला. मग त्याने बटण दाबलं आणि गाडीत काही उरलं नाही.

७

घरी जेवण झालं नाही. त्याला वाटलं ती आता त्याला शिव्या देईल, मुलगी दोनदा हरवलीत म्हणेल, आणि ते त्याला मान्यही होतं. ती भिंतीला टेकून बसली. मग तिने साध्या सुरात विचारलं, "ते तिच्या मागे नाही ना येत? आवाजाच्या मागे येतं. तसंच म्हणाली ना ती?"

"तसंच म्हणाली."

"कोणाच्याही आवाजाच्या."

"असेल. मला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला. "आता तो विषय नको. आपण गप्प राहिलो तर ते जाईल कदाचित. तेवढंच आपल्या हातात आहे."

"ते माप कसं भरतात?" तिने विचारलं. "माणूस लांब न्यायचा असेल तर आकडा वाढवायचा का?"

त्याला वाटलं, ती स्वतःची समजूत घालते आहे. बिचारीला काहीतरी बोलायला हवं आहे. त्याने सांगितलं, वाढवायचा. आणि आवाज त्या बाजूला जातो, पार टोकाला. तिने मान डोलावली आणि उठून पाणी प्यायली.

८

दुसऱ्या दिवशी तो फळीवरचे स्टिरिओ उतरवत होता. एकही ठेवायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. दुपार कलायला लागली होती. मागच्या अंगणातून आवाज आला तेव्हा आधी त्याला तो कोणाचा ते कळलंच नाही. एक बाई मोठ्याने बोलत होती. भर बाजारात पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी. इतक्या मोठ्याने बोलताना त्याने तिला उभ्या संसारात ऐकलं नव्हतं.

तो धावला. ताडपत्री जमिनीवर पडली होती. ठकीची आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, काचा वर, दारं आतून लावलेली. गाणं चालू होतं, आणि पडद्यावर पलीकडच्या स्पीकरचा आकडा शेवटपर्यंत वाढवलेला होता. जाड आवाजाच्या पट्ट्या तिने पूर्ण चढवल्या असाव्यात, कारण गाडीचा पत्रा न् पत्रा खडखडत होता. ती माइकशी तोंड नेऊन बोलत होती. काहीही बोलत होती. नळाला पाणी आलं नाही, गच्चीवरचे कपडे कोण काढणार, तुला काय वाटलं, माझ्याकडे बघ, इकडे, इकडे मी आहे, मला घाई नाही, ये.

त्याने काचेवर हात आपटला. तिने मान वळवली. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ठकी झोपलेली असताना तो दार वाजवत घरात शिरला की पाहायची. ओठांवर बोट ठेवलं. मग पुन्हा माइककडे वळली आणि आणखी मोठ्याने बोलू लागली.

गाडीची मागची बाजू खाली बसली.

कोणी जड माणूस मागे बसला की बसते तशी, सावकाश, स्प्रिंगा कुरकुरत. कानसेनने मागच्या काचेतून पाहिलं. सीटवर कोणी नव्हतं. सीटचं रेक्झिन मात्र मधोमध दबलं होतं, आणि तो खळगा पुढच्या सीटच्या दिशेने सरकत होता. ठकीच्या आईने मागे वळून पाहिलं नाही. ती आता हसत होती, ओरडून हसत होती, आणि तिच्या हसण्याखालून घरघर अशी उसळली की कानसेनच्या दाढा वाजल्या. मग सगळ्या काचांवर आतून वाफ धरली.

तिथेच चाकाजवळ पान्हा पडला होता. त्याने तो उचलला, काचेवर उगारला.

आतून तिचा आवाज येत होता. पण सीटवरून येत नव्हता. स्पीकरमधून येत होता, गाणारीच्या पलीकडून, पार दुसऱ्या टोकाकडून. ती बोलत चालली होती. चालता चालता बोलावं तशी धाप लागलेली, पण आवाज खणखणीत, आणि घरघर तिच्या मागे मागे जात होती. दोन्ही लांब होत होते. तिच्या बोलण्यातला शब्द न् शब्द अजून कळत होता. ये, ये, अजून थोडं. काचेवरची वाफ उतरत गेली, आणि सीटवर ती नव्हती, तिच्या साडीचा पदरसुद्धा नव्हता.

काच फोडली असती तर केवढातरी आवाज झाला असता. पान्हा धरलेला त्याचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने खाली वाकून, दोन्ही हातांनी, पान्हा मातीवर ठेवला.

तो उठला तेव्हा गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं. एक बाई, एक गिटार. आणि अगदी जवळ, काचेला कान लावला तर गालाला श्वास लागेल इतक्या जवळ, कोणीतरी दबकत न बसता, मोकळ्याने श्वास घेतला.

"बाबा?" ठकी म्हणाली. साध्या आवाजात. घरात विचारते तशी. "बाबा, ते गेलं. आई आत्ता इथे होती ना? कुठे गेली ती?"

कानसेनने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. लांबवर, गाण्याच्या दुसऱ्या टोकाला, त्याची बायको अजून बोलत होती, आणि तिचा आवाज जोवर येत होता तोवर त्याला हूं की चूं करता येणार नव्हतं.

"बाबा, आहात का तुम्ही? तुम्ही आहात हे मला माहीत आहे. एकदा बोला ना."

तो काचेला कपाळ टेकून उभा राहिला. हातांच्या आत तो तिचं नाव घेत होता, पण आवाज बाहेर जाऊ देत नव्हता. ठकीने त्याला पुष्कळ वेळा हाका मारल्या. मग बॅटरी उतरत गेली, गाणं जाड झालं, संथ झालं, आणि अंगणात ऊन भिंतीवर चढेपर्यंत तो तसाच तोंड दाबून उभा होता.